काँगो: भांडण फक्त तिथल्यांचं नाही

‘टोळ्या आपसात भांडतात म्हणून काँगो गरीब’ असं मत नेहमी ऐकू येतं, पण मला ते अर्धवट वाटतं. पूर्व काँगोतल्या उत्तर किवू प्रांतातलं रुबाया हे खाणींचं गाव बघा. मोबाइलला लागणारं कोल्टान हे खनिज तिथे माणसं कुदळ-फावड्याने खणतात, पोती पाठीवर घेऊन निसरडा डोंगर उतरतात. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ बंडखोरांनी रुबाया घेतलं आणि मालावर कर बसवला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या मते महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर! माल चोरून शेजारच्या रवांडात जातो, तिथल्या खनिजात मिसळला जातो आणि राजरोस निर्यात होतो. बंडखोरांमागे रवांडाचं सैन्य असल्याचंही याच तज्ज्ञांनी नोंदवलंय. (काँगोवर राज्य करणारा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काळी बाहेरच्यांना हवं होतं ते रबर, आता कोल्टान.) मग खरेदीदार कंपन्यांना कुणीच जाब का विचारू नये?