केदारकंठा जानेवारीत: जॅकेट वॉटरप्रूफ बघायचं की गरम?

रानवाट_पुणे
मंडळी, जानेवारीत मी आणि बायको उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातोय. आजवर सगळं फिरणं सह्याद्रीतलं, राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे, बर्फातला ट्रेक पहिल्यांदाच. दुकानात गेलो तर एका जॅकेटवर ५००० एमएम, दुसऱ्यावर २००००, शेजारी १०००० ग्रॅम, तिसऱ्यावर फिल पॉवर ६५०, आणि सेल्समन म्हणतो सर हे एकच घ्या, पाऊस बर्फ थंडी सगळं यातच भागतं, किंमत १४ हजार. माझ्याकडे पावसाळ्याचं चांगल्यापैकी रेनजॅकेट आहे पण ते घालूनही मी दरवेळी आतून चिंब होतो, गळतंय की घाम आहे तेच कळत नाही, मग ब्रीदेबल म्हणतात ते नक्की काय? आणि बायकोला थंडी फार लवकर वाजते. दोघांचं मिळून २० हजारात बसवायचंय.

सूतगिरणी
दादा, मी कापडाच्या टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आकड्यांचं मी सांगते, ट्रेकचं इथले जाणकार सांगतील.

एमएम म्हणजे पाण्याचा दाब. कापडाचा तुकडा मशीनमध्ये घट्ट आवळतात, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की आकडा लिहितात. १०००० एमएम म्हणजे त्या कापडाने १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसला. बर्फात चालायला इतकं भरपूर झालं, २०००० च्या मागे लागून पैसे घालवू नका. त्यापेक्षा जॅकेट उलटं करून शिवणीवर आतून टेप मारलीय का बघा, कारण पाणी आधी शिवणीच्या भोकांतून शिरतं.

ग्रॅमचा आकडा म्हणजे २४ तासांत एक चौरस मीटर कापडातून किती वाफ बाहेर जाते. पण ही टेस्ट करायच्या पद्धती बऱ्याच आहेत आणि एकाच कापडाचे आकडे पद्धतीनुसार खूप वेगळे येतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायला जाऊ नका, फसाल.

आता तुमचं चिंब होणं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक गरम करून झटक्यात ताणलं, त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली, तेच पुढे गोअर-टेक्स. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, घामाची वाफ जाते, यालाच ब्रीदेबल म्हणतात. पण वाफेला बाहेर ढकलायला आत जास्त दमटपणा आणि बाहेर कमी असा फरक लागतो. जुलैत राजगडावर बाहेरची हवाच पाण्याने भरलेली, मग घाम जाणार कुठे? कितीही महाग जॅकेट घ्या, तिथे आतून ओलं होणारच. जानेवारीतल्या कोरड्या थंड हवेत तेच जॅकेट कितीतरी चांगलं चालेल.

एक करून बघा. नळाखाली जॅकेट धरा. पाण्याचे मणी होऊन घरंगळले तर ठीक. कापड गडद पडून पाणी पीत असेल तर वरचं पाणी झटकणारं कोटिंग दमलंय. पाणी आत येत नाही तरी वरचं कापड भिजलं की वाफेची वाट बंद होते, आणि लोकांना वाटतं जॅकेट गळतंय.

हिमालय_वारी
ताईंनी फार छान समजावलं. आता चालण्याचं बोलतो. पाणी अडवणं, घाम बाहेर सोडणं आणि ऊब धरणं ही तीन वेगळी कामं आहेत, एका जॅकेटात तिन्ही कोंबली की ते चालताना भट्टी होतं आणि तुम्ही ते काढूही शकत नाही कारण खाली नुसता टीशर्ट. १४ हजारवालं सोडून द्या.

जानेवारीत तिकडे पाऊस नसतो, पडतो तो बर्फ, आणि कोरडा बर्फ झटकला की पडतो. भिजवतो तो आपला घाम. ट्रेक जिथून सुरू होतो त्या सांकरी गावाहून चढताना पाठीवर सॅक, ऊन डोक्यावर, झाडीत वारा नाही, अर्ध्या तासात अंग तापतं. तेव्हा घाम येण्याआधीच एक थर उतरवायचा, निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजायचं. ओलं कापड अंगाला चिकटलं की थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. म्हणून अंगालगत कॉटन अजिबात नको, बनियनसुद्धा नको. बाजारात थर्मल म्हणून जे विकतात त्यात कॉटन बरंच असतं, लेबल वाचून पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं घ्या. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ केसाळ पॉलिस्टरचं हलकं जॅकेट. त्यावर वाऱ्यासाठी तुमचं रेनजॅकेटच, नवीन शेल (वारा-पाणी अडवणारं सगळ्यात वरचं पातळ जॅकेट) घ्यायची गरजच नाही. समिट साडेबारा हजार फुटांच्या आसपास, पहाटे अंधारात निघतात आणि वर उघड्यावर वारा लागतो. उणे १० ला ताशी ३० किमीचा वारा असला तर अंगाला उणे २० सारखं जाणवतं, तिथे शेल पाहिजेच.

डाउन जॅकेट, म्हणजे आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं, थांबल्यावर घालायचं, चढताना सॅकमध्ये. फिल पॉवर म्हणजे एक औंस पिसं किती घनइंच फुगतात, तो दर्जा झाला. आत पिसं किती ग्रॅम भरलीत तेही विचारा, ६५० ची २०० ग्रॅम पिसं ८०० च्या ८० ग्रॅमपेक्षा कितीतरी गरम. फक्त डाउन भिजलं की बसतं आणि ऊब जाते, घाम येणाऱ्यांनी सिंथेटिक भरलेलं घेतलं तरी चालेल. जाड जॅकेट सांकरीत भाड्यानेही मिळतं, पैसे तिथे वाचवा.

रानवाट_पुणे
दोघांचेही मनापासून आभार! नळाखाली धरून बघितलं, छातीवर मणी होतात पण दोन्ही खांद्यांवर सॅकचे पट्टे घासतात तिथे गडद डाग पडतो. हे दुरुस्त होतं का?

सूतगिरणी
बऱ्याचदा होतं. आधी टेक-वॉशसारख्या, अशी जॅकेटं धुवायच्या खास लिक्विडने धुवा, कपडे मऊ करणारं कंडिशनर मात्र लावू नका. वाळल्यावर लेबलवर चालत असेल तर सुती कापड वर ठेवून मंद इस्त्री फिरवा, उष्णतेने कोटिंग पुन्हा जागं होतं. तरीही खांदे पाणी प्यायले तर वरून मारायचा स्प्रे मिळतो.

डोंगरमाऊली
वहिनींसाठी माझ्याकडून. मलाही थंडी सोसत नाही, तरी बर्फातले ट्रेक करते. झोपायचे थर्मल आणि मोजे वेगळे ठेवायला सांगा, दिवसा ते घालायचेच नाहीत, तंबूत शिरलं की अंगावरचं सगळं बदलायचं. बोटांच्या ग्लोव्हजवर मिटन (चारही बोटांना एकच पिशवी असलेला मोजा) चढवा, बोटं एकत्र राहिली की गरम राहतात. बुटात दोन जाड मोजे कोंबू नका, पाय आवळला की रक्त पोचत नाही आणि उलट जास्त गार पडतो. आणि डाउन जॅकेट घेताना अंगात फ्लीस आणि शेल दोन्ही घालून ट्राय करायला लावा, वरून सहज चढलं आणि चेन लागली तरच घ्या, नाहीतर समिटवर थांबल्यावर शेल काढून डाउन घालत बसावं लागतं, त्या वाऱ्यात ते नको.