फॉर्मात, लयीत, सुरात की भरात?

फळेवाला, फोंडा
वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज दोन ओळी लिहायचं काम माझ्याकडे आहे. नोव्हेंबर २०२४ मधली भारत-ऑस्ट्रेलिया बॉर्डर-गावस्कर कसोटी मालिका तोंडावर आली म्हणून लिहिलं, "भारतीय संघ फॉर्मात नाही, पर्थला कस लागणार." संध्याकाळी बघतो तर कुणीतरी 'फॉर्मात' पुसून 'लयीत' केलेलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच अक्षरात 'सुरात'. न्यूझीलंडने घरात येऊन ३-० अशी धूळ चारली, बंगळूरला आपला डाव ४६ धावांत आटोपला. हे सांगायला मराठीत नेमका शब्द कुठला? शुक्रवारी सामना सुरू होतोय, तेव्हा त्याआधी सांगा.

निवृत्त मास्तर, डिचोली
पुसलं ते बरंच झालं, पण 'लयीत' लिहायला नको होतं. ते हिंदी समालोचनातून आलंय. मराठीत लय दोन आहेत. ती लय गाण्यातली, तो लय म्हणजे नाश : उत्पत्ती, स्थिती, लय. 'लयास गेला' म्हणजे संपला. आपल्याकडे 'भरात' हा अस्सल शब्द असताना उसनवारी कशाला? पाऊस भरात येतो, गवई भरात येतो, तसा फलंदाजही येतो. 'ऐन भरात' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

वाळपईची मास्तरीण
मास्तर, आदर ठेवून सांगते, भरात येणाऱ्याचा तोल जातो. रागाच्या भरात, बोलण्याच्या भरात. भरात माणूस नको ते करून बसतो. फॉर्मातला फलंदाज बरोबर उलटा असतो. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू तो सोडून देतो. पुजारा आठवा. २०१८-१९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी तीन शतकं ठोकली, ती काय भरात? तासन् तास चेंडू सोडत उभं राहण्याला भर म्हणत नाहीत. आणि 'ऐन' तरी अस्सल कुठला? तो अरबीतून आलाय.

मडगावकर
फॉर्म हा मराठी शब्दच आहे, हे कुणी बोलतच नाही. परका शब्द आपला झाला की नाही याची खूण एकच, तो आपल्या प्रत्ययापुढे वाकतो का. टेबलावर, बँकेत, स्टेशनात, तसं फॉर्मात. अलीकडची मुलं 'फॉर्ममध्ये' म्हणतात, तिथे तो अजून पाहुणा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने त्याचं सामान्यरूप केलं आणि त्याला घरात घेतलं. छापखान्यातसुद्धा सोळा पानांचा फॉर्म असतो, कचेरीत फॉर्म भरतात. तिन्ही अर्थ मराठी माणूस गोंधळ न होता वापरतो.
आणखी एक. आमचे आजोबा पोर्तुगीज शिकलेले. त्या भाषेत 'फोर्मा' म्हणजे घडण, आणि 'एम फोर्मा' म्हणजे अंग तयारीत असलेला. गोव्यात हा शब्द इंग्रजीच्या आधी त्या वाटेने आला असणार असं मला ठामपणे वाटतं.

निवृत्त मास्तर, डिचोली
मडगावकर बाब, पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे रुजला तो फुटबॉल, क्रिकेट नव्हे. क्रिकेट आणि त्याची बोली मुंबईहून आली. कसोटीपटू दिलीप सरदेसाई तुमच्याच मडगावचे, पण खरं क्रिकेट शिकले ते मुंबईला गेल्यावर.

भजनी, बोरी
'सुरात' ज्याने लिहिलं त्याच्या बाजूने मी. पण वर्तमानपत्रं 'सूर गवसला' लिहितात ते कानाला खटकतं. गवसतं ते हरवलेलं. सूर लागतो. आमच्या भजनात पेटी धरून बसलेला माणूस पहिले दोन अभंग नुसता चाचपडतो. आवाज तोच, गळा तोच, तरी षड्ज बसत नाही. मग कुठेतरी तिसऱ्या अभंगात लागतो, आणि लागला की पखवाजवाल्यालासुद्धा कळतं. त्यासाठी कुणी काही शोधलेलं नसतं. कोहलींना न्यूझीलंडविरुद्ध सूर लागला नाही, एवढं सरळ लिहा.

वाळपईची मास्तरीण
कोहलींचं ठीक. सहा डावांत ९३ धावा. रोहित शर्मांच्या ९१. पण ऋषभ पंतांनी त्याच मालिकेत २६१ केल्या, बंगळूरला ९९ वर बाद झाले. सर्फराज खानांनी तिथेच दुसऱ्या डावात १५० केल्या. मग संघ सुरात नव्हता म्हणायचं की दोघे-तिघे नव्हते? फळ्यावरचं वाक्य संघाबद्दल आहे. संघाला ना सूर असतो, ना लय, ना भर. संघाची घडी असते. घडी बसते नाहीतर विस्कटते. मायदेशात सलग १८ मालिका जिंकलेल्या संघाची घडी तीन कसोटींत विस्कटली. मला तर हेच नेमकं वाटतं.

पेडण्याचो
आमच्याकडे सांगायचं तर संघाला सुकती, म्हणजे ओहोटी, लागली. भरती आणि सुकती. मास्तरांचा 'भर' त्याच भरतीतला, मग सुकती का नको? आणि सुकतीत होडी वाळूत रुतली म्हणून कुणी ती मोडत नाही. ॲडलेडला २०२० च्या डिसेंबरात ३६ धावांत गारद झालो, मेलबर्नला जिंकलो, सिडनी वाचवली, जानेवारीत ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर जिंकून मालिका घेऊन आलो.

भजनी, बोरी
सुकती फोंड्याच्या फळ्यावर कळेल, पुण्याच्या नाही.

पेडण्याचो
फळा फोंड्यातच आहे.

मडगावकर
सरदेसाईंचं नाव निघालंच आहे तर बोलतो. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर त्यांना नेऊ नये म्हणणारे कमी नव्हते. कारण एकच दिलं जायचं, फॉर्म नाही. कर्णधार अजित वाडेकरांनी त्यांना हट्टाने नेलं. किंग्स्टनला ७५ धावांवर ५ बाद अशी अवस्था असताना ते उभे राहिले, एकनाथ सोलकरांबरोबर १३७ जोडल्या, २१२ करून परतले. पोर्ट ऑफ स्पेनला ११२, ब्रिजटाऊनला १५०, मालिकेत ६४२ धावा. भारत तिथे पहिल्यांदा मालिका जिंकला. मग त्या माणसाला दौऱ्याआधी काय नव्हतं? हात तर होता. सूर होता की नाही हे खेळल्याशिवाय कळणार कसं? फॉर्म हा शब्द नेहमी मागे वळून बघतो आणि निवड मात्र पुढची करायची असते. म्हणून मला हा शब्द लिहायला आवडतो, पण निवड समितीच्या तोंडी आला की राग येतो.

निवृत्त मास्तर, डिचोली
हे मला मान्य. पण शब्द परका तो परकाच. क्रिकेटला चेंडूफळी म्हणणाऱ्यांनी फलंदाज, गोलंदाज, षटक, यष्टी, पायचीत असे शब्द रुळवले. त्यांना 'फॉर्म'साठी अडलं नसतं.

वाळपईची मास्तरीण
मास्तर, गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचा गोळा डागणारा. त्यातला 'अंदाज' फारसी, तीरंदाजातला. तीर फेकणारा, गोळा फेकणारा. त्या हिशेबाने फलंदाज म्हणजे फळी फेकणारा होतो. व्युत्पत्तीने चूक, फारसीच्या आधारावर उभा, तरी पोरासोरांच्या तोंडी बसलेला आणि मला अतिशय प्रिय असलेला शब्द. शुद्धतेच्या चाळणीतून तुम्ही त्याला सोडता आणि फॉर्मला अडवता, हा न्याय नव्हे.

निवृत्त मास्तर, डिचोली
पायचीत तरी सोडा. चीत कुस्तीतलं आहे. आखाडा आपलाच.

फळेवाला, फोंडा
मंडळी, रोहित शर्मा पहिल्या कसोटीला नाहीत, बुमराह कर्णधार आहेत. पहिला चेंडू सकाळी ७:५० ला. फळ्यावर काय लिहू?

पेडण्याचो
सुकती.

मडगावकर
फॉर्मात. आणि कुणी पुसलं तर परत लिहा.

भजनी, बोरी
मास्तरांच्या यादीत षटक आहे. षटक म्हणजे सहाचा गट. ऑस्ट्रेलियात १९७९ पर्यंत ओव्हर आठ चेंडूंची असायची. बिशनसिंग बेदींचा संघ १९७७-७८ मध्ये तिकडे गेला तेव्हाही आठच. तेव्हा मराठीत त्याला काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर, डिचोली
अष्टक.

वाळपईची मास्तरीण
अष्टक देवाचं म्हणतात, मास्तर. माझे वडील 'आठ चेंडूंचं षटक' असंच म्हणायचे, आणि ऐकणाऱ्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे.