सरकारने बातमीची वर्गणी भरावी का? पॉलिटिकोच्या निमित्ताने

वाटसरू:
फेब्रुवारी 2025 मध्ये व्हाइट हाउसने सांगितलं की सरकारी खात्यांनी घेतलेल्या पॉलिटिको या राजकीय वृत्तस्थळाच्या वर्गण्या बंद होणार. रक्कम 80 लाख डॉलरहून जास्त. 'सरकारी अनुदानावर पोसलेले पत्रकार' अशी लगेच बोंब उठली. अनुदान नव्हतंच, ते सोडा. मला वर्गणीच खटकते. 2007 मध्ये वॉशिंग्टनलगतच्या आर्लिंग्टनमध्ये सुरू झालेल्या या वृत्तस्थळाची 'प्रो' सेवा वर्षाला हजारो डॉलर घेते. विधेयक कुठल्या समितीत अडलं, मसुद्यातलं कोणतं कलम फिरवलं, हे तिथे आधी कळतं. गिऱ्हाईक कोण? लॉबिस्ट (म्हणजे पैसे घेऊन कुणासाठी तरी कायदे वळवायला बघणारे), कंपन्या आणि खुद्द सरकारी खाती. आयोवातल्या ज्या शेतकऱ्याचा पीकविमा त्या कलमावर ठरतो, त्याला ते सगळ्यात शेवटी समजतं.

कोयनाकाठ:
साफ असहमत. सरकारी कचेरीत पेपर येतो म्हणून पेपर मिंधा होत नाही. मिंधेपण जाहिरातीतून येतं. आपल्याकडची कितीतरी जिल्हा दैनिकं सरकारी जाहिरात थांबली की कागदाचे पैसे कुठून आणायचे या विवंचनेत पडतात. आणि 2 मे 2022 आठवा. गर्भपाताच्या खटल्यातला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलिटो यांचा निकालाचा मसुदा पॉलिटिकोने सगळ्यांना फुकट वाचायला दिला. 24 जूनला निकाल आला आणि गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा रो निकाल रद्द झाला. अशा बातमीसाठी वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारा बातमीदार लागतो. त्याचा पगार लॉबिस्टांच्या वर्गणीतून निघत असेल तर निघू दे.

वाटसरू:
मिंधेपण नाही म्हणता, मग एका घोषणेसरशी एवढी वर्गणी धोक्यात कशी आली? हात आखडता घेता येतो, तिथे दबाव आलाच.

ओवी_जर्सीकर:
मी अमेरिकेतच राहते, म्हणून आधी एक दुरुस्ती. 80 लाख हा सगळ्या खात्यांचा मिळून आकडा. ज्या यूएसएडने (परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्था) पॉलिटिकोला पोसलं म्हणून शिमगा झाला, तिचे दोन वर्षांचे जेमतेम 44 हजार डॉलर. नेमके त्याच आठवड्यात तांत्रिक चुकीमुळे पॉलिटिकोचे पगार रखडले आणि लोकांनी दोन्हीची सांगड घातली. वाईट वाटलं, कारण माहितीतली माणसंही ते पुढे पाठवत होती.
वाटसरूंचा शेतकरी मात्र मला पटतो. विधेयकाचा मजकूर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संकेतस्थळावर फुकट आहे, पण कलम कोणाच्या सांगण्यावरून बदललं ते तिथे नसतं. 'प्रो'च्या बातम्या आठवड्याने सगळ्यांना खुल्या कराव्यात.

कोयनाकाठ:
याला माझी ना नाही. लॉबिस्ट पैसे मोजतो ते पहिल्या काही तासांचे. आठवड्याने खुलं केलं तर धंदा बुडणार नाही.

वाटसरू:
नियमांच्या मसुद्यांपुरतं चालेल. हरकतींना साधारण 30 ते 60 दिवस मिळतात, शेतकरी संघटना पत्र लिहू शकेल. विधेयकातली दुरुस्ती मात्र कधी रात्री येते आणि सकाळी मतदान होतं. तिथे आठवड्याने कळून काय उपयोग?