पंडिता रमाबाईंचा विश्वास

संकटात देवाला धरणं म्हणजे दुःखापासून पळणं, असं एक मत मांडलं जातं. ते रमाबाईंना अजिबात लागू होत नाही. दुष्काळात आईवडील, बहीण गेली. पुढे भाऊ आणि 1882 मध्ये पतीही. ख्रिस्तावरच्या विश्वासानं त्यांना घरात बसवलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली, विधवांना आणलं आणि पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन हा आश्रम उभा केला.

मला त्यांची शेवटची वर्षं जास्त भिडतात. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. स्वतःचं शरीर थकलेलं, ऐकूही नीट येत नव्हतं. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. मुद्रितं, म्हणजे छपाईची कच्ची पानं, तपासत राहिल्या. छापखान्यात खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवणाऱ्या आश्रमातल्याच बाया होत्या. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तोवर काम हातावेगळं झालं होतं.