शेली-अ‍ॅन की इलेन? माझं मत ठाम आहे, बोला आता

लेन_चार:
बोल्टवर बोलून बोलून चोथा झालाय, आता जरा जमैकाच्या बायकांकडे वळू. माझं म्हणणं सरळ आहे, १०० मीटरमध्ये आजवरची सगळ्यात मोठी धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, इलेन थॉम्पसन-हेरा नाही. इलेनचा १०.५४ सेकंदांचा टाइम माहितीय मला, लगेच ते घेऊन धावत येऊ नका. शेली-अ‍ॅननं २००८ ला बीजिंगमध्ये २१व्या वर्षी १०.७८ मध्ये ऑलिंपिक गोल्ड मारलं आणि २०२२ ला युजीनमध्ये ३५व्या वर्षी १०.६७ मध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे १४ वर्षं गेली, मधे एक बाळंतपण झालं, आणि टाइम उलट कमी झालाय! फक्त १०० मीटरची पाच वर्ल्ड टायटल्स, २००९, २०१३, २०१५, २०१९, २०२२. खुद्द बोल्टची या रेसमध्ये तीन आहेत. स्प्रिंटरचा जोर टिकून टिकून किती टिकतो, थोड्या वर्षांत मांडीमागचं हॅमस्ट्रिंग तरी जातं नाहीतर टाचेमागचं अकिलीस. ही बाई मात्र समोरच्या पोरी बदलत गेल्या तरी तिथेच.

दोनशेवाला:
पाच वर्ल्ड टायटल्स छानच, पण लोकांना ऑलिंपिक आठवतं. रिओला इलेन १०० आणि २०० दोन्ही जिंकली, २०२१ ला टोकियोला परत दोन्ही जिंकली. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये असं करणारी दुसरी बाई दाखव. आणि दोन्ही वेळेला १०० च्या फायनलमध्ये तुझी शेली-अ‍ॅन शेजारीच पळत होती ना? २०१६ ला ब्राँझ, टोकियोला सिल्व्हर. मोठी धावपटू कोण ते समोरासमोर ठरतं, बाकी हिशेब घरी बसून करायचे.

लेन_चार:
रिओला तिच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत होती भाऊ, आणि तरी १०.८६ पळाली. शंभरच्या स्टार्टला सगळा जोर पायाच्या पुढच्या भागावर येतो आणि शेली-अ‍ॅनची अख्खी रेसच स्टार्टवर उभी आहे, उंची जेमतेम पाच फूट, लांब ढांगा टाकून कुणाला गाठणं तिच्या नशिबातच नाही, पहिल्या तीस मीटरमध्ये जे मिळवायचं ते मिळवायचं आणि मग पाय इतके भराभर टाकायचे की बाकीच्यांना ते अंतर भरून काढता येऊ नये. तिथे अंगठाच दुखतोय म्हटल्यावर उरलं काय?
आणि समोरासमोरचं म्हणतोस तर २०१९ दोहा का विसरतोस. शेली-अ‍ॅन १०.७१ गोल्ड, इलेन चौथी. २०२२ युजीन, शेली-अ‍ॅन गोल्ड, इलेन ब्राँझ. इलेनकडे वर्ल्ड चॅम्पियनशिपचं वैयक्तिक गोल्ड एकही नाही, ना १०० मध्ये ना २०० मध्ये. २०१७ ला लंडनमध्ये शेली-अ‍ॅन नव्हती, तिला बाळ होणार होतं, मैदान मोकळं होतं, तिथे इलेन पाचवी आली.

दोनशेवाला:
वा! म्हणजे शेली-अ‍ॅनचा अंगठा ही दुखापत आणि इलेनचं अकिलीस हे निमित्त? वर्षानुवर्षं त्या दुखण्यावर पळालीये ती, २०२४ चं पॅरिस त्यातच गेलं.

विंडगेज:
तुम्ही दोघं नुसते मेडल मोजताय, वाऱ्याचं कुणी बोलतच नाही 🙂 शेली-अ‍ॅनचं बेस्ट १०.६०, लोझान, ऑगस्ट २०२१, वारा मागून सेकंदाला १.७ मीटर. इलेनचं टोकियो फायनल १०.६१, वारा समोरून ०.६! आकड्यात एका शतांशाचा फरक दिसतो, पण वाऱ्याचा हिशेब धरला तर दुसरी रेस कुठच्या कुठे पुढे जाते. आणि त्यात ती लाइन यायच्या आधीच डावा हात वर करून घड्याळाकडे बोट दाखवत होती, तो हात खाली ठेवला असता तर अजून थोडं गेलं असतं. तिचं २०२१ चं युजीनचं १०.५४ सुद्धा मागून फक्त ०.९ वाऱ्यात आहे. सगळ्यात भारी कोण पळालं विचाराल तर इलेन, त्यात वादच नाही. अमेरिकेच्या फ्लो-जोचं (फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर) वर्ल्ड रेकॉर्ड १०.४९ मी धरत नाही. १९८८ ला इंडियानापोलिसमध्ये त्या हीटला वाऱ्याचं मशीन शून्य दाखवत होतं आणि शेजारी तिहेरी उडीच्या पट्टीवर चारच्या वर वारा वाहत होता, ज्याला पटतं त्याला पटो.

जुना_स्पाइक:
वारा आणलास तर बूटही आण की. २०२१ च्या आसपास सगळ्यांच्या पायात नवीन फोम आणि कडक प्लेटवाले स्पाइक आले आणि सगळ्यांचेच टाइम खाली आले. शेली-अ‍ॅनचं २०१३ मॉस्कोचं १०.७१ जुन्या स्पाइकमध्ये, समोरून ०.३ वारा असताना. त्या दिवशी तिला आजचे बूट दिले असते तर?

विंडगेज:
तर माहीत नाही. टोकियोला दोघींच्याही पायात नवेच बूट होते, आणि १०.६१ ला १०.७४ हरलं. इथे बूट कुठे आडवे आले?

तळ्यातमळ्यात:
शेली-अ‍ॅनचं २०१० चं कुणी काढत नाहीये ते बघून गंमत वाटली. डोपिंगसाठी सहा महिन्यांची बंदी. दुसऱ्या कुणाची असती तर धागा तिथेच संपला असता.

लेन_चार:
काढलंस ते बरं झालं. ऑक्सिकोडोन. दातदुखीची पेनकिलर घेतली होती. त्या गोळीनं कुणी फास्ट पळत नाही, पण स्पर्धेच्या वेळी ती चालत नाही हा नियम आहे आणि नियम मोडला म्हणून शिक्षा झाली, ती भोगून परत आली. गोळी घेण्याआधी विचारायला हवं होतं, हा निष्काळजीपणा आहेच, मी नाही म्हणत नाही. पण स्टेरॉइडवाल्यांच्या रांगेत तिला उभी करू नकोस.

तळ्यातमळ्यात:
रांगेत नाही उभी केली, फक्त यादीत राहू दे म्हटलं. बाकी दोहाची ती रेस मलापण आवडते, जिंकल्यावर दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन अख्खा राउंड मारत होती आणि ते पोरगं स्टेडियमभर बघतंय की हे चाललंय काय.

दोनशेवाला:
आता कडेवरच्या पोरावर मार्क द्यायचे का? मग शेवटाचं पण बोला. २०२३ बुडापेस्ट ब्राँझ, २०२४ पॅरिसला सेमीफायनलच्या आधी माघार, २०२५ टोकियोला फायनलमध्ये सहावी, ११.०३. २०२२ ला टॉपला असताना थांबायला हवं होतं. लेन_चार ज्याला टिकून राहणं म्हणतोय त्याची ही दुसरी बाजू, पाय निघत नाही.

जुना_स्पाइक:
३८व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल गाठणं याला पाय निघत नाही म्हणायचं? धन्य आहे.

लेन_चार:
सहावी आली हे सांगितलंस, त्याच टोकियोतला रिले गाळलास. सिल्व्हर मिळालं, पहिला लेग हिचा, आणि टीममध्ये क्लेटन जुळ्या बहिणी, ज्या बीजिंग २००८ च्या वेळी चार वर्षांच्या होत्या. त्यातली टीना त्याच आठवड्यात १०० ला दुसरी आलीये. २०२२ ला घरी बसली असती तर या पोरींबरोबर बॅटन कुणी नेलं असतं ते सांग.

दोनशेवाला:
रिलेच काढायचा तर टोकियो २०२१ चं रिले गोल्ड इलेनकडेही आहे. म्हणजे ऑलिंपिक गोल्ड इलेनची पाच, शेली-अ‍ॅनची तीन. मोज.

लेन_चार:
मोजलं. वर्ल्डची वैयक्तिक गोल्ड सहा विरुद्ध शून्य, २०१३ ची २०० धरून. आता तू मोज.