मदत हवी आहे: आऊटर बँक्सची दीपगृहं, पण बाबांना जिना चढता येत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहतो. आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत, ऑक्टोबरच्या मध्याला परत जातील, त्याआधी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना आऊटर बँक्सला, म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतच्या लांबट बेटांच्या रांगेवर, न्यायचंय. तीन दिवस, दोन रात्री. सोबत मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक.

आधी बाबांबद्दल सांगते कारण सगळा घाट त्यांच्यासाठीच आहे. त्यांची अख्खी नोकरी कोकणातल्या दीपगृहांवर गेली, शेवटचं पोस्टिंग देवगडला. लहानपणी आम्ही क्वार्टर्समध्येच राहायचो. सकाळ झाली की बाबा वर जाऊन भिंगाभोवतीचे पडदे ओढायचे, कारण उघडं राहिलं तर दिवसाचं ऊन त्याच भिंगातून एका जागी गोळा होतं आणि आग लागू शकते, मग मऊ कापडाने एकेक लोलक पुसत बसायचे. मला काचेला हात लावायची सक्त मनाई. एकदाच त्यांनी मला उचलून खालच्या पितळी कडेला बोट लावायला दिलं आणि ते एवढं अवजड भिंग पाऱ्यावर तरंगत असल्यामुळे माझ्या एका बोटाने हललं. ते मी अजून विसरले नाहीये.

आता बाबा ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. सपाटीवर मैलभर आरामात चालतात, पण जिना दहा-बारा पायऱ्यांच्या वर नाही. आणि मी वाचलं तर सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या! कोरोलाच्या करिटक बीच दीपगृहाला २२०, बॉडी आयलंडला २१४, केप हॅटरसला त्याहून जास्त. हॅटरसला तर डागडुजी चाललीये म्हणून कोणालाच वर सोडत नाहीत. ओक्राकोकचं १८२३ चं, ठेंगणं, पांढरंशुभ्र, तेही खालूनच बघायचं.

बाबांना मी फोटो दाखवले. हॅटरसवर काळेपांढरे तिरके पट्टे, बॉडीवर आडवे, करिटक मुद्दाम रंग न देता लाल विटांचं ठेवलेलं. मी म्हटलं किती छान दिसतात, तर बाबा लगेच म्हणाले अगं ते छान दिसायला नाहीये, दिवसा खलाशाला रंगावरून कळतं आपण कुठे आहोत आणि रात्री फ्लॅशवरून. मग विचारलं, ह्याचा फ्लॅश किती सेकंदांचा? मी शोधून सांगितलं, हॅटरस दर साडेसात सेकंदांनी, करिटक वीस सेकंदांनी एकदा, ओक्राकोक अजिबात न मिटणारा, स्थिर. त्यांनी डायरीत लिहून ठेवलंय.

तर माझे प्रश्न:

जिना न चढता बाबांना खरं मोठं फ्रेनेल भिंग (दीपगृहातलं अनेक लोलकांचं भिंग) जवळून कुठे बघता येईल? हा सगळ्यात महत्त्वाचा.

राहायचं कुठे, उत्तरेकडे नॅग्स हेडला की खाली बक्सटनला, जिथे हॅटरस दीपगृह आहे? रात्री बत्ती लागलेली त्यांना बघायचीच आहे.

ओक्राकोकची फेरी आईला झेपेल का? ती सांगलीकडची, तिला बोट लागते.

बेटांवरून जाणाऱ्या हायवे १२ वर पाणी येतं म्हणतात, सप्टेंबरात कितपत धोका असतो?

---

प्रतिसाद १

ताई, आम्ही व्हर्जिनियात राहतो, चारपाच वेळा जाऊन आलोय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हॅटरस गावात आहे, फेरीच्या धक्क्याला लागूनच ग्रेव्हयार्ड ऑफ द अटलांटिक नावाचं म्युझियम आहे, तिथे केप हॅटरसचं जुनं १८५४ चं फर्स्ट ऑर्डर, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या वर्गातलं, भिंग ठेवलंय. जमिनीवर, तुमच्यासमोर, एकही मजला चढायचा नाही. सिव्हिल वॉरच्या काळात ते काढून आतल्या भागात लपवलं होतं, नंतर १८७० च्या नव्या मनोऱ्यावर बसवलं, आणि १९३६ मध्ये मनोरा सोडून दिल्यावर लोकांनी त्यातले बरेच लोलक पळवले. त्यामुळे मोकळ्या खाचा दिसतील, बाबांना आधीच सांगून ठेवा, वाईट वाटेल त्यांना.

दुसरं, हॅटरस दीपगृह वर जाता येत नसलं तरी टाळू नका. बांधलं तेव्हा समुद्र १५०० फूट लांब होता, तो सरकत सरकत १२० फुटांवर आला, तेव्हा १९९९ मध्ये अख्खं दीपगृह जॅकने उचलून रुळांवरून २९०० फूट आत नेलं, २३ दिवस लागले, वीटसुद्धा पडली नाही. जुन्या पायाचे ग्रॅनाइटचे दगड आता दीपगृहाजवळ मांडलेत आणि त्यांच्यावर तिथे नोकरी केलेल्या ८३ रखवालदारांची नावं कोरलीत, मुख्य आणि असिस्टंट दोन्ही. ते त्यांना निवांत वाचू द्या.

एक रात्र नॅग्स हेड, एक बक्सटन करा. कोरोला सोडून द्या, उत्तरेला वेगळ्या टोकाला आहे, शनिवारी भाड्याच्या घरांची अदलाबदल असते तेव्हा तर ट्रॅफिकमध्येच दिवस जातो. त्याऐवजी येताना मँटिओला थांबा, रोअनोक मार्शेसची प्रतिकृती आहे, पाण्यात खांबांवर घर आणि त्याच्या छपरावर दिवा, लाकडी धक्क्यावरून चालत जायचं.

प्रतिसाद २

फेरीबद्दल लिहितो. हॅटरस ते ओक्राकोक गाडीची फेरी फुकट आहे, तासाभराची, खुल्या समुद्रातून जात नाही, साउंडच्या (बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या उथळ पाण्याच्या) बाजूने जाते, त्यामुळे हलणं कमी. काकूंना गाडीत बसून राहता येतं, काच खाली करा आणि लांब क्षितिजाकडे बघायला सांगा. उतरल्यावर गाव आणखी १३ मैल पुढे आहे हे लक्षात ठेवा. ओक्राकोकलाच १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्ड हा समुद्री चाचा मारला गेला, लेकीला ती गोष्ट आवडेल.

हायवे १२ ची काळजी खरी आहे, चक्रीवादळ लांब समुद्रातून गेलं तरी भरतीला वाळू आणि पाणी रस्त्यावर येतं. निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी राज्याच्या वाहतूक खात्याच्या साइटवर बघा, रूम कॅन्सल करता येईल अशीच घ्या. रोडॅन्थीला समुद्रात घरं कोसळलीत, तिथे वाळूत खिळे असतात, अनवाणी कोणी चालू नका. आणि लेकीला लाइफगार्ड नसलेल्या बीचवर गुडघाभर पाण्याच्या पुढे सोडू नका, रिप करंट (किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह) दिसत नाही आणि ओढून नेतो.

रोडॅन्थीलाच चिकामाकोमिको हे जुनं लाइफ सेव्हिंग स्टेशन आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये मर्लो नावाचं ब्रिटिश टँकर समोर पेटलं, पाण्यावर जळतं तेल पसरलेलं असताना इथले सहा जण बोट घेऊन गेले आणि ५१ पैकी ४२ जणांना परत आणलं. ती बोट तिथे ठेवलीये. काकांना हे नक्की दाखवा.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. म्युझियमचं बाबांना सांगितलं. लोलक चोरीला गेले म्हटल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले किती उरलेत ते मोजू. नावांच्या दगडांचं अजून सांगितलं नाहीये, तिथे गेल्यावरच दाखवेन.

कोरोला रद्द. पहिल्या दिवशी मँटिओ आणि बॉडी, दुसऱ्या दिवशी चिकामाकोमिको करून बक्सटन, तिसऱ्या दिवशी म्युझियम, आणि आईला बरं वाटलं तर फेरी. तिच्यासाठी आवळासुपारी घेतलीये.

आता एकच राहिलं. बक्सटनला रात्री गाडी कुठे लावून तासभर बसता येईल, जिथून बत्ती स्वच्छ दिसेल आणि आजूबाजूला फार उजेड नसेल? बाबांना घड्याळ लावून साडेसात सेकंद मोजायचेत.