अनुभव धागा : आईच्या नावानं वारीला कडक भाकरी

साठी ओलांडलेल्या एका ताईंच्या आईची इच्छा राहून गेली : आषाढीच्या वारकऱ्यांना घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायची. यंदा ताई ती पुरी करतायत. भाकरी 200, म्हणजे शंभर जणांना दोन-दोन. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नेमकं लिहा, नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग टाका.

बाळीवेस :
ताई, पिठापासून धरा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या, दळण बारीक. किलोत 14-15 पातळ भाकरी होतात, मोडतोड धरून 16 किलो लागेल. सगळं एकदम दळू नका. पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, मग थापताना कडा चिरतात आणि उचलतानाच भाकरी फाटते. किलोला दोन चहाचे चमचे मीठ, मूठभर तीळ. निम्म्या पिठावर आधणाचं पाणी ओतून झाका, वाफ जिरली की उरलेलं पीठ घालून तळहातानं रगडून मळा.

खरी गोम थापण्यात आहे. मध्यभाग जाड राहतो नि कड पातळ होते. कड करपते, मधे ओल राहते, आणि पावसाळ्यात त्या ओलीला बुरशी लागते. म्हणून बोटं मधून बाहेर फिरवा. दोन्ही बाजू भाजल्या की गॅस अगदी बारीक करा आणि कापडाच्या बोळ्यानं दाबत, फिरवत वाळवा. चूल असेल तर निखाऱ्याजवळ उभी करून ठेवा. गार झाल्यावर एक मोडून बघा : कट्‌कन तुटली तर झाली, वाकली तर परत तव्यावर.

शेळगी :
चटणीला 3 किलो दाणे पुरतात. मंद आचेवर भाजा, घाई केली की वरून काळे नि आत कच्चे. सालं काढा. किलोला 75 ग्रॅम तिखट, 40 ग्रॅम मीठ, दोन चमचे जिरं, 100 ग्रॅम लसूण. कोमट असतानाच उखळात कुटा, तेल सुटतं. मिक्सर सलग फिरवला तर तापून गोळा होतो. थांबत थांबत फिरवा. पाण्याचा थेंबही नको.
बरेच माळकरी कांदा-लसूण खात नाहीत. निम्मी चटणी बिनलसणाची करा, आणि तीच आधी कुटा की हो, म्हणजे उखळाला वास लागत नाही.

ताई (धागाकर्ती) :
आईची काटवट, म्हणजे भाकरी थापायची लाकडी परात, बरीच वर्षं माळ्यावर होती. वापरता येईल का?

जुळे सोलापूर :
येईल. गरम पाणी आणि जाड मीठ लावून घासा, भेगांतलं जुनं पीठ काडीनं काढा, नाहीतर तिथून किडे येतात. सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की तडकते. मग शेंगतेलाचा हात फिरवा. तडा आरपार गेला असेल तर मळायला परात घ्या, थापायला काटवट.
रोज 25 च भाकरी करा, आठ दिवसांत होतात. ओट्याशी उभं राहून थापा. या वयात मांडी घालून बसलं की गुडघे आधी बोलतात.

अक्कलकोट रोड :
पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ धरून मऊ पडतात. पत्र्याचा घट्ट डबा, तळाला कागद. सर्दावल्या तर वाटायच्या सकाळी मंद तव्यावर पुन्हा कडक करा. प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा.
शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरातून मंगळवेढ्याकडे जाते, तेव्हा लांब जायची गरज नाही. रस्त्यात उभं राहून वाटलं तर एकाच माणसाला चार ठिकाणी मिळतं आणि मागचा उपाशी राहतो. दिंडीचालकांशी आधी बोला, त्यांचं त्या दिवशीचं जेवण कुठं आहे ते विचारा, आणि डबे त्यांच्या स्वयंपाकाच्या गाडीत द्या. दात नसलेल्या म्हाताऱ्यांसाठी सोबत पातळ आमटी हवीच, त्यात कुस्करून खातात.
एकादशीला भाकरी चालत नाही. त्या दिवशी गाठ पडणार असेल तर शेंगदाण्याचे लाडू न्या आणि भाकरी द्वादशीला द्या.